शंभर टक्के मोकळी

३ मार्च, मंगळवार

स्कॅनर चालू असताना मध्येच पडद्यावर पाटी आली की जागा संपली. सातशे त्रेचाळिसावा नकाशा अर्धा आत, अर्धा बाहेर. मी रद्दचं बटण शोधेपर्यंत कागदाचा कोपरा दुमडलासुद्धा.

तेहतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर जुने मोजणीचे नकाशे कम्प्युटरमध्ये उतरवून द्यायचं काम अभिलेखागाराकडून स्वतःहून मागून घेतलं. एकूण अकराशे चाळीस, मुदत एकतीस मार्च. निम्मे माझ्याच हातचे आहेत, ते दुसऱ्या कुणाच्या तावडीत द्यायला जीव होत नव्हता. आता हौसेने अंगावर घेतलंय तर कुरकुर कुणापाशी करू?

खरं म्हणजे जागा आहे. डिस्क चांगली मोठी आहे, पण तिचे दोन भाग आहेत आणि त्यातला एकच माझा. नऊ वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीने आणि मी मिळून हा कम्प्युटर घेतला. मला ऑफिसात होतं ते विंडोज हवं होतं, तिला लिनक्स नावाची दुसरीच प्रणाली. दोन दिवस वाद झाला आणि शेवटी तिनेच बसून डिस्कची बरोबर निम्मी-निम्मी वाटणी करून टाकली. मी भावाभावांच्या शेकडो वाटण्या मोजल्या, पण इतकी बिनबोभाट एकही नव्हती.

कम्प्युटर चालू केला की आधी काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात. वर ‘ताई’, खाली ‘धाकटी’. तीस सेकंदांत काही दाबलं नाही तर वरची ओळ आपोआप सुरू होते. धाकटीला तिच्या बाजूला जायचं तर दर वेळी खालचा बाण दाबावा लागतो. कितीदा तरी ती चहा आणायला उठायची आणि परत येईपर्यंत माझी बाजू उघडलेली असायची. मग सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून. मला फार हसू यायचं. एवढी तीस सेकंदं कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, तुला चष्मा सापडायला तेवढी लागतात.

ऑक्टोबरात ती लग्न करून गेली. बावन्नाव्या वर्षी. माझा डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून मी तिला सोबतीला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले होते. नंबर माझा वाढला आणि लग्न हिचं झालं. माणूस शांत आहे, वाईट म्हणता येणार नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

५ मार्च, गुरुवार

चौकातल्या कम्प्युटर दुरुस्तीवालीकडे गेले. तिच्या तोंडात कायम एखादा स्क्रू असतो आणि ती त्याच्याभोवतीने बोलते. तिने तळहाताएवढी एक डबी दाखवली. ही बाहेरून जोडायची डिस्क, काकू, तुमचे सगळे नकाशे मावून वर दुप्पट जागा उरेल. किंमतही फार नव्हती.

मी नको म्हटलं. आपल्याच घरात अर्धी जागा पडून असताना सामान ठेवायला बाहेर कशाला जायचं? तिने खांदे उडवले आणि डिस्कचा आतला नकाशा कुठे पाहायला मिळतो ते कागदावर लिहून दिलं. वर म्हणाली, दुसऱ्या भागाला हात लावण्याआधी ज्यांचा आहे त्यांना विचारा.

विचारायचं म्हणजे काय? निम्मे पैसे माझे आहेत. आणि जी माणसं घर सोडून जातात ती आपलं सामान घेऊन जातात, ही साधी रीत आहे.

८ मार्च, रविवार

धाकटी आली. दर रविवारी येते, दहा ते बारा. अंधांच्या ग्रंथालयासाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. सध्या एक सहाशे पानी कादंबरी चालली आहे, बेचाळीस प्रकरणांची. बाथरूमच्या शेजारच्या कपड्यांच्या खोलीत गोधड्यांच्या मध्ये स्टूल टाकून ती बसते, कारण तिथे आवाज घुमत नाही. माइकची वायर दाराखालून बाहेर कम्प्युटरपर्यंत येते.

आता हिच्या नवऱ्याच्या दुकानामागे स्वतंत्र खोली आहे. त्यात नवाकोरा कम्प्युटर आहे. तरी ही दोन बस बदलून तीन जिने चढून इथे येते आणि माझ्या गोधड्यांत बसून वाचते. मी म्हटलं, तिकडे जमत नाही का? म्हणाली, तिकडे रस्त्याचा आवाज येतो. रविवारी दुकान बंद, रस्ता बंद, कसला आवाज?

पूर्वी मी बाहेर हेडफोन लावून पुस्तक घेऊन बसायचे. ती चुकली की दारातूनच थांबवायचं, मग ती ते वाक्य पुन्हा वाचायची. आठ वर्षं हे काम मी केलं. लग्नानंतर सोडलं. मला नकाशे आहेत. पहिल्या एक-दोन रविवारी तिने पुस्तक माझ्या खुर्चीवर ठेवलं होतं. मी ते उचलून टेबलावर ठेवलं. नंतर तिनेही ठेवायचं बंद केलं.

आज अडतिसावं प्रकरण झालं म्हणे. जाताना तिच्याकडे मोठी पिशवी होती, फुगलेली. कपाटातलं बरंच काही काढलेलं दिसलं. हेडफोनही नेले. मी काही विचारलं नाही. उशिरा का होईना, सामान न्यायला लागली.

जागा कमी पडते आहे हेही सांगणार होते, पण ती जिन्यात पोचली होती.

९ मार्च, सोमवार

दुरुस्तीवालीच्या कागदाप्रमाणे डिस्कचा नकाशा उघडून पाहिला. दोन चौकोन शेजारी-शेजारी. एकावर माझ्या बाजूचं नाव आणि पुढे लाल अक्षरांत, तीन टक्के मोकळी. दुसऱ्यावर नाव नाही, गाव नाही. पुढे लिहिलेलं, शंभर टक्के मोकळी.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शंभर टक्के.

म्हणजे काल पिशवीतून ती तेच घेऊन गेली. सगळं उचललं आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. असो. विचारण्याचाही प्रश्न उरला नाही, सुंठीवाचून खोकला गेला.

दुपारी जेवण गेलं नाही. उन्हाळा सुरू झालाय त्याचं असेल.

१० मार्च, मंगळवार

करून टाकलं. चौकोनावर गेले, काढून टाका म्हटलं. त्याने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हटलं. मग त्याच जागी नवा भाग केला, त्याला ‘नकाशे’ नाव दिलं. सगळं मिळून चार मिनिटं. जमिनीचा असला फेरफार करायला चार वर्षं जातात.

आधीचे एकशे दहा नकाशे तिकडे नक्कल करून पाहिले. छान गेले. नवे तेवीसही झाले. खूप दिवसांनी कामाचा झपाटा आला. पाच वाजता कम्प्युटर बंद केला आणि खिडकीची काच पुसून काढली.

११ मार्च, बुधवार

सकाळी चालू केला. दोन ओळी आल्या नाहीत. ताईही नाही आणि धाकटीही नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत, असा कुठला भागच नाही असं काहीतरी आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. त्यापुढे लुकलुकणारी एक छोटी रेघ.

तीस सेकंद वाट पाहिली. मग तीस मिनिटं पाहिली.

माझी बाजू तर मी शिवलेही नव्हते.

१२ मार्च, गुरुवार

कम्प्युटरचा डबा रिक्षात घालून दुरुस्तीवालीकडे नेला. तिने पडदा जोडला, बघितलं, आणि तोंडातला स्क्रू काढून टेबलावर ठेवला. तेव्हाच मला कळलं की गंभीर आहे.

तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. त्या दोन ओळी दाखवणारा कार्यक्रम म्हणजे फाटक. फाटक दोघींचं, पण ते उभं होतं धाकटीच्या जमिनीत. तिचा हिस्सा मी पुसला, त्यात फाटकही गेलं. माझं घर जागच्या जागी आहे, सामान शाबूत आहे, फक्त आत जायला वाट नाही. नऊ वर्षं मी तिच्या हद्दीतून माझ्या घरात शिरत होते आणि मला वाटत होतं की वाटणी निम्मी-निम्मी आहे.

मी म्हटलं, पण तिचा भाग रिकामा होता. शंभर टक्के मोकळा असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. ती म्हणाली, काकू, विंडोजला लिनक्सचं लिहिलेलं वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून ते मोकळं आहे असं सांगतं. तिच्या बाजूने तुमचं सगळं दिसतं. तुमच्या बाजूने तिचं काहीच दिसत नाही.



मोजणी खात्यात पहिल्या दिवशी माझ्या साहेबांनी एकच गोष्ट शिकवली होती. दुसऱ्याच्या नकाशावरून मोजणी लिहायची नाही. जागेवर जायचं, पायाखालून घालायचं, मग लिहायचं. मी तेहतीस वर्षं नव्या मुलांना हेच ऐकवलं. आणि पुसायच्या आधी एकदा खालचा बाण दाबून पाहावं एवढं मला सुचलं नाही. एकदा आत डोकावले असते तर कळलं असतं. नऊ वर्षांत मी तो बाण कधीच दाबला नव्हता.

दुरुस्तीवाली म्हणाली, माझी बाजू एकटी सुरू करून देणं पाच मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं आणि डबा तसाच परत आणला. का नको म्हटलं ते तिला सांगता आलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

दिवसभर एकच विचार. डिस्क जुनी होती, गेली, असं म्हटलं तर? नऊ वर्षांच्या वस्तूवर कोण संशय घेणार? दुरुस्तीवालीकडून माझी बाजू सुरू करून घ्यायची, धाकटीला सांगायचं की तुझीच नेमकी बिघडली. ती विश्वास ठेवेल. ती माझ्यावर नेहमीच ठेवते, हीच तर अडचण आहे.

अडतीस प्रकरणं. पूर्ण झाल्याशिवाय ती ग्रंथालयाला काही देत नाही, म्हणजे दुसरीकडे कुठेही नक्कल नाही. दीड वर्ष झालं या पुस्तकाला. ग्रंथालयात कुणी एक निवृत्त पोस्टमन आहेत, ते दर महिन्याला फोन करून विचारतात की झालं का. धाकटीने मला त्यांची नक्कल करून दाखवली होती.

हद्दीचा दगड रातोरात सरकवणाऱ्या माणसांना मी आयुष्यात खूप पाहिलंय. सगळे एकच वाक्य बोलायचे: तो आधीपासून इथेच होता. बोलताना ते जमिनीकडे पाहत नसत, माझ्याकडे पाहत.

१४ मार्च, शनिवार

सकाळी फोन केला. चष्मेवाल्यांनी उचलला, ताई बोला म्हणाले. मी म्हटलं, तिला द्या.

“मी तुझी बाजू पुसली.”

तिने विचारलं, “कधी?”

“मंगळवारी. मला वाटलं रिकामी आहे.”

“पुसल्यावर तिच्यावर काही ठेवलंस?”

“एकशे तेहतीस नकाशे.”

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. ती म्हणाली, कम्प्युटर चालू करू नकोस. कशालाही हात लावू नकोस. उद्या येते.

रागावली असती तर बरं झालं असतं. उत्तर द्यायला माझ्याजवळ बरंच काही तयार होतं.

१५ मार्च, रविवार

नऊलाच आले दोघं. चष्मेवाल्यांच्या हातात ती तळहाताएवढी डबी होती, तशीच, जी मी घेतली नव्हती. मी मान खाली घालून उभी राहिले. ते म्हणाले, ताई, चष्मा द्या जरा. काडीचा स्क्रू ढिला झाला होता, तो खिशातल्या बारक्या पेचकसाने घट्ट करून दिला आणि खिडकीपाशी पेपर वाचत बसले. दिवसभरात त्या माणसाने दुसरं काही केलं नाही. मला हे नमूद करून ठेवायचं आहे.

धाकटीने एका पेनड्राइव्हवरून कम्प्युटर सुरू केला, म्हणजे डिस्कला न उठवता. आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल डबीवर घेतली. त्यात चार तास गेले. एक आकडा हळूहळू वाढत होता आणि आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत होतो. मी टोस्ट केले, ते करपले, तरी सगळ्यांनी खाल्ले.

नक्कल होईपर्यंत तिने मला समजावलं. भाग काढून टाकला म्हणजे फक्त नोंदवहीतली ओळ खोडली जाते. आतलं जागच्या जागी असतं, जोवर त्यावर दुसरं कुणी लिहीत नाही तोवर. हे मला लगेच कळलं. नकाशावरची रेघ खोडली म्हणून शेत कुठे जात नाही. पण शेतावर कुणी घर बांधलं तर बांधलं. मी एकशे तेहतीस घरं बांधली होती. त्यातली एकशे दहा तर माझ्याच बाजूला आधीपासून उभी होती.

माझ्या नव्या भागाने तिच्या हद्दीची सुरुवातीची नोंद पुसून टाकली होती. पण तिच्या पद्धतीत त्या नोंदीच्या नकला डिस्कमध्ये ठरावीक अंतरावर पुरून ठेवलेल्या असतात. आमच्यातही पूर्वी असंच करत. मुख्य दगड उखडला तर सापडावा म्हणून दूर कुठे तरी जमिनीखाली एक खुणेचा दगड पुरायचा. ती शोधत होती, मी आकडे वाचून दाखवत होते. तिसऱ्या नकलेला लागलं. पडद्यावर तिच्या जुन्या फोल्डरांची नावं येऊ लागली तेव्हा मी तिचा खांदा धरला होता. कधी धरला ते आठवत नाही.

मग ती पडद्याकडे पाहतच म्हणाली, “विचारलं असतंस तर मी एका दिवसात रिकामी करून दिली असती.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

हे माझ्या तोंडून कसं गेलं कुणास ठाऊक.

पिशवीचं मी नंतर विचारलं. तिच्यात हिवाळ्याचे कपडे होते, ड्रायक्लीनिंगला. माझाही कोट होता. हेडफोन दुरुस्तीला नेले होते, कारण एका कानात ऐकू येत नव्हतं.

१७ मार्च, मंगळवार

काल आणि आज ती कामावर रजा टाकून आली. हिशेब असा की अडतीसपैकी छत्तीस प्रकरणं परत मिळाली. अकरावं आणि बारावं गेलं. ती दोन पुन्हा वाचावी लागतील. शिवाय एक छोटं फोल्डर गेलं, त्यातले थोडेसे तुकडे नावं हरवून परत आले आहेत. त्यात काय होतं विचारलं तर म्हणाली, काही नाही, फालतू होतं. मग उठून पाणी प्यायली.

एवढ्यावर निभावलं म्हणायचं. मला वाटलं होतं सगळंच गेलं.

नव्या भागावर चढवलेले माझे तेवीस नकाशेही तिने बाजूला काढून डबीवर ठेवलेत. डबी माझ्याकडेच राहणार आहे, पुढचे सगळे नकाशे त्यातच. म्हणजे पाच तारखेलाच जे होणार होतं ते झालं, फक्त मधे बारा दिवस आणि दोन प्रकरणं गेली. इथे दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकते. मला जागा नको होतीच. ती गेली ते मला सहन होत नव्हतं, आणि तिचं नाव रोज सकाळी दुसऱ्या ओळीत दिसायचं. विचारलं असतं तर तिने ती बाजूही सोडून दिली असती, तेही मला बघवलं नसतं.

फाटकही तिने पुन्हा बसवलं. दोन ओळी आल्या. वेळ कमी करू का, पाच सेकंद ठेवते, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तीसच असू देत.

अकरा आणि बारा कधी वाचणार ते ती बोलली नाही. रविवारी येणार का, हे विचारायचं मी विसरले. विसरले नाही. धीर झाला नाही.

१९ मार्च, गुरुवार

नकाशे सुरळीत चाललेत. आठशे चार झाले.

दुपारी कम्प्युटर पुन्हा चालू करताना दोन ओळी आल्या आणि मी वाट पाहत बसले. अठरा सेकंद उरलेले असताना खालचा बाण दाबला. जागेवर जाऊन पाहायचं, दुसरं काही नाही.

तिच्या बाजूला कुलूप असेल असं मी धरून चालले होते, कारण माझ्या बाजूला आहे. काही नव्हतं. सरळ उघडलं. निळसर पडदा, त्यावर चारच फोल्डर. एकाचं नाव कादंबरीचं. एकाचं नाव ‘सापडलेले’, आत चौदा तुकडे, नावाऐवजी नुसते आकडे. हेडफोन लावले, दोन्ही कानांत आता नीट ऐकू येतं. पहिला तुकडा सुरू केला.

कुणीतरी खोकलं. लांबून, बंद दारापलीकडून.

दुसऱ्यात एक बाई म्हणाली, “पुन्हा.” कसला तो कर्कश आवाज. तिसऱ्यात तीच बाई म्हणाली, “आधी श्वास घे, मग वाक्य घे. गाडी सुटत नाहीये.” तेव्हा मला कळलं की ती मी आहे.

तिने माझं बोलणं कापून टाकायचं असतं, हे मला माहीत होतं. ग्रंथालयातल्या पोस्टमनना माझा खोकला कशाला ऐकवायचा? कापलेलं ती फेकून देत असेल असं मी समजत होते.

बाजूला एक लेखी यादी होती. ती अख्खी शाबूत आली आहे, कारण ती दुसऱ्या कोपऱ्यात होती. नाव ‘ताई’. तीनशे बारा ओळी, आठ वर्षांच्या. मी त्या सगळ्या वाचल्या. ताई, खोकला. ताई, पुन्हा. ताई, दार वाजलं म्हणून उठली, खुर्ची सरकली. ताई, पान उलटलं. ताई, शब्दाचा उच्चार तिचा चूक, माझा बरोबर, कबूल करत नाही. ताई, झोपली बहुतेक. ताई, मीच चुकले पण ती काही बोलली नाही. शेवटची ओळ गेल्या सप्टेंबरातली: ताई, हसली. त्यापुढे काही नाही. ऑक्टोबरापासून बाहेरच्या खुर्चीत कुणी बसलंच नव्हतं.

तीनशे बारांपैकी चौदा उरलेत. बाकीच्यांवर माझे नकाशे आहेत. तीन वेगवेगळ्या गावांच्या शिवा, अगदी अचूक, माझ्या स्वतःच्या हातच्या.

फालतू होतं, म्हणाली.

मग डोळे पुसून उठले. कपड्यांच्या खोलीत माइक स्टुलावर ठेवला, गोधड्या नीट केल्या, वायर दाराखालून बाहेर घेतली आणि दार लावलं. मी आत बसले नाही. आवाज दारापलीकडून यायला हवा, नाहीतर नोंद खोटी ठरेल. तिच्या त्या कार्यक्रमातलं लाल बटण कुठलं ते मला माहीत आहे, आठ वर्षं मी त्याच्याकडे पाहिलंय.

यादी समोर ठेवून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. खोकला आपोआप आला. मग “पुन्हा” म्हटलं. मग श्वास आणि गाडी. खुर्ची सरकवली. पुस्तक काढलं, अकरावं प्रकरण उघडलं, बोट ओलं करून पान उलटलं. ज्या ओळीत मी कबूल करत नाही असं लिहिलं होतं तिथे कबूल केलं. पाच वाजेपर्यंत एकेचाळीस झाले.

फक्त हसणं जमेना. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा ऐकल्यावर वाटलं, ही बाई खोटं बोलते आहे.

कम्प्युटर बंद केला. पुस्तक माझ्या खुर्चीवर ठेवलं, अकराव्या प्रकरणात खूण घालून. मग धाकटीला फोन लावला आणि रविवारी दहाला ये म्हटलं, एक गोष्ट माझ्याच्याने एकटीने होत नाहीये. ती म्हणाली, काय बिघडलं आता? मी म्हटलं, बिघडलं काही नाही, तू ये.